पाळण्यातून पलंगावर: रात्री लहान मूल सुरक्षित कसं राहील?

कठड्याच्या पाळण्यात झोपणाऱ्या मुलाला रात्री जाग आली, तर ते उभं राहून रडतं आणि घरातलं कुणीतरी उठून येतं. तेच मूल पलंगावर झोपायला लागलं की न रडता खाली उतरू शकतं, अंधारात घरभर फिरू शकतं आणि कुणाला पत्ताही लागत नाही. त्यामुळे पलंग बदलताना काळजी फक्त मूल पडण्याची नसते. मूल झोपतं ती खोली, आणि अनेकदा सगळं घरच, रात्रीपुरतं त्याच्या हाताशी आलेलं असतं.

पाळणा कधी सोडावा?

यासाठी ठरावीक वय नाही. बहुतेक मुलं दीड ते साडेतीन वर्षांच्या दरम्यान पाळणा सोडतात. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या सल्ल्यानुसार मुलाची उंची ३५ इंच, म्हणजे साधारण ८९ सेंटिमीटर झाली की कठड्याचा पाळणा बंद करावा. उभं राहिल्यावर कठडा मुलाच्या छातीच्या खाली येत असेल किंवा मूल कठड्यावर पाय टाकू लागलं असेल, तर उंची मोजत बसू नये. कठड्यावरून डोक्यावर पडणं हे पलंगावरून पडण्यापेक्षा जास्त धोकादायक असतं.

आपल्याकडे अनेक घरांत कठड्याचा पाळणा नसतो. मूल झोळीतून किंवा टांगत्या पाळण्यातून थेट आईवडिलांच्या पलंगावर येतं. मूल झोळीत उठून बसू लागलं किंवा कडेला धरून उभं राहू लागलं, की झोळी बंद करावी.

पलंगावरून पडू नये म्हणून

सर्वांत सोपा उपाय म्हणजे उंची कमी करणं. सुरुवातीचे काही महिने गादी जमिनीवर घातली तर पडण्याचा प्रश्न जवळजवळ संपतो. पलंगच वापरायचा असेल तर कमी उंचीचा घ्यावा आणि उतरण्याच्या बाजूला जमिनीवर सतरंजी किंवा जाड गोधडी अंथरावी. तिथे टिपॉय, स्टूल किंवा टोकदार कोपऱ्याचं टेबल ठेवू नये.

पलंग भिंतीला लावला म्हणजे ती बाजू सुरक्षित झाली, असं अनेकांना वाटतं. पण गादी आणि भिंत यांच्यात थोडी जरी फट राहिली, तरी लहान मूल त्यात अडकू शकतं. पलंग भिंतीला घट्ट टेकलेला असावा, नाहीतर भिंतीपासून चांगला लांब असावा.

बाजारात मिळणारे बेड गार्ड दोन वर्षांखालच्या मुलांसाठी नसतात. गादी आणि गार्ड यांच्यात मूल अडकून गुदमरण्याचा धोका असतो. पलंगावर स्वतः चढता-उतरता येणाऱ्या, साधारण दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी ते वापरता येतात. तेव्हाही गार्ड गादीला घट्ट बसला आहे का, हे रोज पाहावं. कडेला उशा किंवा लोड लावल्याने मूल थांबत नाही. मोठं मूल तर त्यावर चढून आणखी उंचावरून पडतं.

मूल आईवडिलांच्या मध्ये झोपत असेल तर पायाकडची बाजूही लक्षात घ्यावी. मुलं झोपेत गोल फिरतात आणि अनेकदा तिकडूनच खाली येतात. बंक बेडच्या वरच्या पलंगावर सहा वर्षांखालील मुलाला झोपवू नये.

झोपवताना गळ्यातला काळा दोरा, ताईत, साखळी आणि दोरी असलेली टोपी काढून ठेवावी. पलंगाच्या कठड्यात किंवा खिळ्यात दोरा अडकला तर गळ्याला फास बसू शकतो. पडद्यांच्या लोंबत्या दोऱ्याही मुलाच्या हाताला लागणार नाहीत इतक्या उंच बांधाव्यात.

गुडघ्यावर बसून खोली पाहा

मोठ्यांच्या उंचीवरून जे दिसत नाही ते मुलाला दिसतं. म्हणून जमिनीवर गुडघे टेकून, मुलाच्या नजरेच्या पातळीवरून खोली एकदा तपासावी. या गोष्टी विशेष पाहाव्यात:

- कपाट, ड्रॉवर आणि टीव्ही: मूल ड्रॉवर उघडून त्यावर पायऱ्यांसारखं चढतं आणि सगळं कपाट अंगावर येऊ शकतं. असे अपघात टाळण्यासाठी ड्रॉवरच्या कपाटांना सुरक्षेची मानकं लावणारा ‘स्टर्डी’ कायदा अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये झाला. घरी उपाय साधा आहे. कपाट भिंतीला लोखंडी पट्टी आणि स्क्रूने पक्कं करावं, जड सामान खालच्या कप्प्यात ठेवावं.
- डासांचं मशीन आणि कॉइल: खालच्या सॉकेटमध्ये लावलेलं लिक्विड मशीन मुलाच्या सहज हाती लागतं. या द्रवात बहुतेकदा केरोसीनच्या जातीचा घटक असतो आणि तो फुफ्फुसात गेला तर गंभीर त्रास होतो. मशीन उंचावरच्या सॉकेटमध्ये लावावं, जादा रिफिल कपाटात बंद ठेवाव्यात. पेटती कॉइल जमिनीवर ठेवू नये. पलंगाखाली तर कधीच नको.
- आजी-आजोबांच्या गोळ्या: उशाशी ठेवलेल्या रक्तदाब, मधुमेह आणि लोहाच्या गोळ्या मुलाला गोळ्या-बिस्किटांसारख्या दिसतात. मधुमेहाच्या काही औषधांची एक गोळीसुद्धा लहान मुलाची रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरवू शकते. रात्रीची गोळी घेतली की डबी कुलपात किंवा उंच कप्प्यात जायला हवी. पर्समधल्या गोळ्याही विसरू नयेत.
- कापूर आणि डांबरगोळ्या: कापराची वडी पोटात गेली तर थोड्याच वेळात आकडी येऊ शकते. देव्हारा खाली असेल तर कापूर, काडेपेटी आणि तेल रात्री वर उचलून ठेवावं.
- बटण सेल: रिमोट, खेळणी आणि छोट्या दिव्यांमधला गोल चपटा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी जखम करू शकतो. सेलचं झाकण स्क्रूने बंद होणाऱ्याच वस्तू खोलीत ठेवाव्यात.
- सॉकेट आणि वायरी: खालच्या सॉकेटना झाकणं लावावीत. मोबाइलचा चार्जर काम झाल्यावर काढून ठेवावा. टेबल फॅनची वायर मुलाच्या वाटेत येऊ देऊ नये.

खिडकी आणि बाल्कनी

खिडकीखाली पलंग, सोफा किंवा स्टूल असेल तर मुलाला चढायला पायरीच मिळते. पलंग खिडकीपासून लांब ठेवावा. ग्रिलच्या गजांमधलं अंतर दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावं. त्याहून मोठ्या फटीतून लहान मुलाचं अंग बाहेर जाऊ शकतं. डासांची जाळी ही सुरक्षेची जाळी नव्हे. मुलाने भार टाकला की ती निसटते.

न्यूयॉर्क शहरात इमारतींच्या खिडक्यांतून मुलं पडण्याचे प्रकार वाढल्यावर १९७६ मध्ये लहान मुलं राहत असलेल्या घरांना खिडकीचे गज बसवणं घरमालकांवर बंधनकारक झालं. तिथला नियम दहा वर्षं आणि त्याखालील मुलांसाठी आहे.

बाल्कनीच्या दाराला मोठ्यांच्या खांद्याच्या वर कडी बसवावी आणि रात्री ती रोज लावावी. कठड्याजवळ कुंड्या, खुर्ची किंवा उलटी बादली ठेवू नये.

मोरी, बाथरूम आणि मुख्य दार

पाणी रात्रीच्या कपातीसाठी भरून ठेवण्याची सवय अनेक घरांत आहे. मात्र चालायला शिकलेलं मूल बादलीत डोकावताना तोल जाऊन उलटं पडतं आणि त्याला स्वतःला बाहेर काढता येत नाही. पाच सेंटिमीटर पाणीही बुडायला पुरेसं असतं, आणि अशा वेळी ओरडण्याचा आवाजही येत नाही. झोपण्यापूर्वी बादल्या रिकाम्या कराव्यात. पाणी साठवायचंच असेल तर पिंपाला घट्ट झाकण असावं आणि बाथरूमचं दार वरच्या कडीने बंद असावं.

मुख्य दाराचा नाईट लॅच मुलं पाहून-पाहून उघडायला शिकतात. त्यामुळे वरची कडीही लावावी. घरात जिना असेल तर वर आणि खाली दोन्हीकडे फाटक हवं. वरचं फाटक भिंतीला स्क्रूने बसवलेलं असावं, नुसतं दाबून बसवलेलं नको.

खोलीचं दार लावावं का?

मूल वेगळ्या खोलीत झोपत असेल तर बाहेरून कडी लावून त्याला कोंडू नये. आग लागली किंवा मुलाला त्रास झाला तर ते दोन्ही बाजूंनी धोकादायक ठरतं. दाराशी कमी उंचीचं फाटक बसवणं किंवा दार उघडल्याचं कळेल अशी छोटी घंटी बांधणं जास्त चांगलं. आतल्या बाजूचे खालचे स्टॉपर आणि कड्या काढून टाकाव्यात, नाहीतर मूल स्वतःला आत कोंडून घेतं. मुलाच्या वाटेवर मंद दिवा असावा.

मूल पुन्हा-पुन्हा उठून येत असेल तर

पहिले काही आठवडे हे होणारच. दर वेळी फार न बोलता, न रागावता मुलाला परत त्याच्या जागी नेऊन झोपवावं. रोज तोच क्रम ठेवल्याने मदत होते: हातपाय धुणं, गोष्ट, दिवा मंद. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसाच्या झोपेसह ११ ते १४ तास आणि तीन ते पाच वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप लागते. झोप पुरेशी झालेलं मूल रात्री कमी भटकतं.

मूल पडलं किंवा काही गिळलं तर

पलंगावरून पडल्यावर मूल लगेच रडलं आणि थोड्या वेळात नेहमीसारखं खेळू लागलं, तर बहुतेक वेळा काळजीचं कारण नसतं. पुढीलपैकी काही दिसलं तर लगेच रुग्णालयात न्यावं:

- थोडा वेळही शुद्ध हरपणं किंवा आकडी येणं
- पुन्हा-पुन्हा उलट्या होणं
- जागं करूनही नीट जागं न होणं, वागण्यात बदल
- नाकातून किंवा कानातून रक्त अथवा पाण्यासारखा द्रव येणं
- डोक्यावर मऊ, वाढणारी सूज
- दोन वर्षांखालील मूल तीन फुटांपेक्षा जास्त उंचीवरून पडणं

औषध, कापूर किंवा डासांचं लिक्विड पोटात गेल्याची शंका असेल तर मिठाचं पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी काढू नये. उलटीबरोबर द्रव फुफ्फुसात जाऊ शकतो. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७ आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही आपत्कालीन मदतीसाठी ११२. रुग्णालयात जाताना गोळ्यांचं पाकीट किंवा बाटली सोबत न्यावी. बटण सेल गिळल्याची नुसती शंका असली तरी सकाळपर्यंत थांबू नये.

एकदा तपासणी करून भागत नाही

मागच्या महिन्यात ज्या कडीपर्यंत हात पोहोचत नव्हता, तिथे मूल आता खुर्ची ओढून पोहोचतं. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी घर पुन्हा पाहावं. सुटीत आजोळी, गावी किंवा लग्नघरी मुक्काम असेल तर पहिल्या रात्री झोपण्यापूर्वी चार गोष्टी तरी तपासाव्यात: खिडकी, पाण्याची भांडी, उशाशी असलेल्या गोळ्या आणि बाहेरच्या दाराची कडी. अनोळखी घरात मुलाला रात्री जाग येण्याची शक्यता जास्त असते, आणि दिवसभराच्या दगदगीने मोठ्यांची झोप तेव्हाच सर्वांत गाढ असते.