एका भाषेचा व्हिसा
कोरियन शिकायला दक्षिण कोरियात जायचं तर डी-4 व्हिसा लागतो. पदवीसाठीचा डी-2 वेगळा. विद्यापीठाच्या भाषाकेंद्रात प्रवेश हवा, खात्यात पुरेसे पैसे हवेत. पहिले सहा महिने पार्टटाइम कामाची परवानगी नाही. नियम रुक्षच. पण या भाषेचा इतिहास वाचला की ते वेगळे दिसायला लागतात.

1910 ते 1945 कोरियावर जपानची सत्ता होती. 1938 पासून शाळांमधून कोरियन भाषा हद्दपार होत गेली. 1942 मध्ये कोरियन शब्दकोश तयार करणाऱ्या अभ्यासकांची धरपकड झाली. त्यातले ई युन-जे आणि हान जिंग तुरुंगातच वारले. जप्त झालेलं हस्तलिखित 1945 मध्ये, सत्ता गेल्यावर, सोल स्टेशनच्या गोदामात सापडलं. त्यावरून शब्दकोशाचा पहिला खंड 1947 मध्ये छापला गेला.

पुढे 1959 मध्ये योनसेई विद्यापीठात परदेशी लोकांना कोरियन शिकवणारी संस्था सुरू झाली. 1997 मध्ये टॉपिक ही परीक्षा आली. 2023 मध्ये सरकारने 2027 पर्यंत 3 लाख परदेशी विद्यार्थी आणायचं ठरवलं. जन्मदर फार कमी आहे, विद्यापीठांना मुलं कमी पडतायत. म्हणजे आता गरज दोन्ही बाजूंना आहे.

तेव्हा कोरियन शब्द गोळा केले म्हणून माणसं तुरुंगात गेली. आज कोरियनच्या वर्गाला फार दांड्या मारल्या, तर व्हिसा वाढवून मिळणं अवघड होतं. हजेरी लावताना हे आठवावं.