घामाची लेक: घोड्याच्या झुलीची कुळकथा

ऑक्टोबर अर्धा सरला की इंग्लंड-आयर्लंडमधल्या तबेल्यांत एक चर्चा सुरू होते. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये, तीच चर्चा एप्रिल-मेमध्ये होते. आज रात्री घोड्याला झूल घालायची का? पारा कितीवर आला की घालायची? त्यासाठी तक्तेसुद्धा छापलेले असतात. अमुक अंशाला हलकी झूल, तमुक अंशाला भरीव, त्याखाली मानेसकट. नव्यानं घोडा पाळणाऱ्याला त्या तक्त्यांचा आधार वाटतो, हे मी समजू शकतो. पण घोड्याच्या झुलीचं कूळ शोधत मागं गेलं की थंडीच्याही आधी घाम भेटतो. झूल ही घामाची लेक आहे. थंडीच्या घरी ती पुढं नांदायला गेली.

आपल्याकडं झूल म्हटलं की डोळ्यांपुढं पोळ्याचा बैल येतो, नाहीतर मिरवणुकीतला हत्ती. ते सजावटीचं कूळही फार जुनं आहे. सैबेरियातल्या अल्ताई पर्वतात पाझिरिक इथली थडगी बर्फात गोठून टिकली. सोव्हिएत पुरातत्त्वज्ञ सर्गेई रुदेन्को यांनी १९४७ ते १९४९ या काळात त्यांतली काही उकरली, तेव्हा धन्याबरोबर पुरलेले घोडे आणि त्यांच्या पाठीवरची नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, रंगीत आच्छादनं जवळजवळ जशीच्या तशी हाती आली. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही कलाकुसर पाहून थक्क व्हायला होतं. पण ती खोगिरावरची आणि मानाची वस्त्रं. थकून आलेल्या घोड्याच्या अंगावर टाकायच्या पांघरुणाची हकिगत दुसरीकडं आहे.

ती हकिगत आजच्या तुर्कस्तानात सापडते. हित्ती लोकांच्या हत्तुशा या राजधानीच्या अवशेषांत मातीच्या विटांवर कोरलेला एक मजकूर मिळाला. मितान्नी देशाचा अश्वशिक्षक किक्कुली याच्या नावावरचा. काळ साधारण इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकाचा. रथाच्या घोड्यांना युद्धासाठी कसं तयार करायचं, याचा हा दिवसवार कार्यक्रम सुमारे सात महिन्यांचा आहे. कोणत्या दिवशी किती पळवायचं, किती चंदी द्यायची, पाणी कधी दाखवायचं, हे सगळं त्यात आलं आहे. मैदानाच्या फेऱ्या मोजताना त्यात ऐक, तेर, पांझ, सत्त, नव असे आकडे येतात आणि मराठी वाचक क्षणभर थबकतो. पण मला त्याहून मोलाची वाटते ती घोड्याच्या देखभालीची शिस्त. तबेल्यात बांधायचं, कोमट पाण्यानं धुवायचं, अंगावर पांघरूण घालायचं, दाणा-वैरण वेळच्या वेळी द्यायची. घोड्याच्या निगराणीचा इतका जुना आणि इतका तपशीलवार दस्तऐवज दुसरा नाही, आणि त्यात पांघरूण येतं ते मेहनत आणि अंघोळ यांच्या सोबतीनं.

घाम आणि पांघरूण यांची गाठ खऱ्या अर्थानं घट्ट बांधली ती तुर्कमेन लोकांनी. काराकुम वाळवंटाच्या कडेला राहणारे हे अश्वपालक आपल्या घोड्यांना एकावर एक नमदे चढवून ठेवत. रात्री वाळवंट गारठतं म्हणून आणि दिवसा ऊन असतं म्हणूनही. शर्यतीच्या किंवा लांबच्या धाडीच्या आधी त्यात आणखी एक हेतू असे. नमद्यांखाली घोडा घामाघूम व्हावा, अंगावरची चरबी झडावी आणि स्नायू तेवढे उरावेत. पिढ्यान्‌पिढ्यांच्या या निवडीतून आणि निगराणीतून आजचा आखाल-टेके घोडा घडला. त्वचा पातळ, केस रेशमासारखे बारीक, आयाळ विरळ. असा घोडा उघड्यावर थंडी सोसणार कसा? म्हणून पुन्हा नमदा आलाच. झुलीच्या इतिहासातलं हे पहिलं वळण मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण इथं झूल स्वतःची गरज स्वतःच निर्माण करू लागली.

पौर्वात्य घोडे इंग्लंडमध्ये गेले आणि त्यांच्या रक्तातून थरोब्रेड जात उभी राहिली. बायरली टर्क, १७०४ मध्ये अलेप्पोहून आलेला डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन हे तिचे तीन मूळपुरुष. अठराव्या शतकातल्या न्यूमार्केटच्या मैदानावर घोड्यांना जाड पांघरुणं गुंडाळून दूरवर दौडवण्याची रीत होती. दौड संपली की घोडा आडोशाला न्यायचा, पांघरूण उलटायचं, अंगावरचा घाम पट्टीनं निपटून काढायचा, गवताच्या पेंडीनं चोळून कोरडा करायचा आणि लगेच कोरडी झूल घालायची. पुढं पशुवैद्यकांनी या अतिरेकावर टीका केली आणि ती योग्यच होती. त्यातला शेवटचा भाग मात्र टिकला, कारण तो खरा होता. घामानं भिजलेला घोडा गार वाऱ्यात तसाच उभा करू नये.

खरी उलथापालथ झाली ती एकोणिसाव्या शतकात. ‘निमरॉड’ या टोपणनावानं लिहिणारे चार्ल्स अ‍ॅपर्ली यांनी १८२० च्या दशकात ‘स्पोर्टिंग मॅगझिन’मधून एक मत हिरिरीनं मांडलं. शिकारी घोडा उन्हाळाभर कुरणात सोडून त्याला सुस्त होऊ देऊ नये, वर्षभर तबेल्यात, दाण्यावर आणि कामात ठेवावा. इंग्लंडमधली कोल्ह्याची शिकार त्या काळी चाले नोव्हेंबर ते मार्च, नेमकी घोड्याच्या अंगावर दाट हिवाळी केस असतात तेव्हा. तासन्‌तास दौडल्यावर त्या केसांत घाम मुरतो आणि ओल सुकायला अर्धी रात्र जाते. यावर माणसानं जो उपाय काढला तो सरळ होता: केसच कातरून टाकायचे. आधी कात्री आणि कंगवा, काही ठिकाणी केसांची टोकं ज्योतीनं जाळणं आणि मग हातयंत्रं. घोडा लवकर सुकू लागला, स्वच्छ करणं सोपं झालं. पण भर हिवाळ्यात तो उघडा पडला.

आज जिला आपण थंडीची झूल म्हणतो ती इथं जन्मली. आपण काढून घेतलेल्या केसांची ती भरपाई होती. ऑक्सफर्डशायरमधल्या विटनी गावच्या लोकरी ब्लँकेटांना सतराव्या शतकापासून नाव होतं. पिवळसर पांढऱ्या लोकरीवर रंगीत पट्टे असलेलं ते ब्लँकेट आत आणि त्यावर तागाची जाड झूल, अशी रात्रीची जोडी तबेल्यांत रुळली. तो ताग बंगालच्या शेतांतून स्कॉटलंडमधल्या डंडी शहराच्या गिरण्यांत जाई. झूल जागेवर राहावी म्हणून पोटाभोवती तंगासारखा पट्टा आवळत. तो थेट कण्यावर दाब देई, म्हणून कण्याच्या दोन्ही बाजूंना गाद्या लावलेला पट्टा आला. या गाद्या कुणी पहिल्यांदा शिवल्या हे इतिहासानं नोंदवलं नसलं, तरी घोड्याच्या पाठीवरून रोज हात फिरवणाराच तो असणार याबद्दल मला शंका नाही.

तागाची झूल तबेल्यात चाले, पावसात नाही. कुरणात सोडलेल्या कातरलेल्या घोड्यासाठी जाड कॅनव्हासची, आतून लोकरी अस्तराची, मागच्या पायांभोवती पट्टे असलेली झूल आली. ब्रिटनमध्ये तिला ‘न्यूझीलंड रग’ म्हणतात. घोडा लोळला, उठला, दौडला तरी ती सरकून परत जागेवर येते. भिजली की मात्र दोन माणसांना उचलायला लागावी इतकी जड होते. १९८० च्या दशकात नायलॉन-पॉलिएस्टरनं हे ओझं उतरवलं. आयर्लंडमधल्या डंडॉक गावची हॉर्सवेअर कंपनी १९८५ मध्ये सुरू झाली, ती याच लाटेवर. आतलं भरण ग्रॅममध्ये मोजलं जाऊ लागलं, १००, २००, ३००, ४००, आणि तेव्हापासून तबेल्यातली चर्चा आकड्यांची झाली.

केस कातरले आणि झूल कमी पडली की काय होतं, याचा सर्वांत कडू धडा पहिल्या महायुद्धात मिळाला. ब्रिटिश सैन्याच्या घोड्यांत खरजेची साथ होती आणि तिच्या बंदोबस्तासाठी अंगभर केस उतरवले जात. एप्रिल १९१७ मध्ये फ्रान्समधल्या आरासच्या लढाईत अवेळी बर्फ पडला. चिखलात, उघड्यावर, अपुऱ्या चाऱ्यावर उभे असलेले कितीतरी कातरलेले घोडे गोळीनं नव्हे तर गारठ्यानं मेले. १९१४ च्या अखेरीपासून १९१८ च्या सुरुवातीपर्यंत पूना हॉर्स आणि डेक्कन हॉर्स या घोडदळाच्या रेजिमेंट फ्रान्समध्येच होत्या. दख्खनची नावं लावून गेलेल्या या तुकड्यांच्या माणसांनी आणि घोड्यांनी तिथले हिवाळे सोसले. पुण्या-मुंबईत युद्धस्मारकं पाहताना त्या घोड्यांचीही आठवण ठेवावी असं मला मनापासून वाटतं.

आता घोड्याच्या स्वतःच्या अंगावरच्या झुलीकडं वळू. ती थंडी पडल्यावर वाढू लागते असा समज आहे. खरं तर तिचा मुख्य इशारा दिवसाच्या लांबीतून येतो. उन्हाळ्यातला सर्वांत मोठा दिवस उलटला आणि उजेड घटू लागला की शरीरातली संप्रेरकं बदलतात आणि हिवाळी केसांची तयारी सुरू होते. गारठा वाढला की हे केस उभे राहतात, त्यांच्या मुळाशी हवा अडकते आणि तीच ऊब धरते. आत दुसरी शेगडी असते: मोठ्या आतड्यात गवत आंबत असताना उष्णता निघते. म्हणून गार रात्री दाणा वाढवण्यापेक्षा वैरण वाढवणं जास्त कामाचं. रशियाच्या याकुतियात उणे ५० अंशांखालीही घोडे उघड्यावर राहतात. त्यांचे पूर्वज साधारण ८०० वर्षांपूर्वीच तिथं आले आणि एवढ्या थोड्या काळात तिथल्या थंडीला सरावले, असं २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून दिसलं.

मग किती अंशांना घोड्याला शरीर उबदार ठेवण्यासाठी जादा ऊर्जा खर्चावी लागते? स्वीडनमधल्या संशोधनात ही खालची मर्यादा सुमारे ५ अंश आली. कॅनडातल्या कडक थंडीला सरावलेल्या घोड्यांत ती उणे १५ पर्यंत उतरली. नुकत्या जन्मलेल्या शिंगराला मात्र २० अंशांवरची ऊब लागते. एकाच प्राण्याच्या आकड्यांत एवढं अंतर असताना भिंतीवरचा एकच तक्ता सगळ्यांना कसा पुरेल? शिवाय हे आकडे कोरड्या, निवाऱ्यातल्या घोड्याचे. पाऊस आणि वारा एकत्र आले की उभे केस चिकटून बसतात, अडकलेली हवा निघून जाते आणि ८-१० अंशांतही घोडा कुडकुडू लागतो. कोरड्या हिमापेक्षा भुरभुर पाऊस वाईट.

झूलही केस दाबतेच. भरगच्च केसांच्या घोड्यावर पातळ झूल टाकली तर त्याची स्वतःची ऊब आपण काढून घेतो, आणि बदल्यात तेवढी देतो याची खात्री नसते. तरीही स्वीडन आणि नॉर्वेतल्या घोडेवाल्यांची पाहणी झाली तेव्हा फार मोठ्या बहुसंख्येनं झूल वापरत असल्याचं सांगितलं. माणसाला थंडी वाजते आणि तो घोड्याला गुंडाळतो. ही माया खरी असते, पण मोजमाप माणसाच्या कातडीचं असतं.

नॉर्वेतच सेसिली मेय्डेल आणि सहकाऱ्यांनी मग घोड्यालाच विचारलं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात २३ घोडे होते. तीन पांढऱ्या फळ्या ठेवल्या: आडवी रेघ म्हणजे झूल घाला, उभी रेघ म्हणजे काढा, कोरी फळी म्हणजे आहे तसं राहू द्या. नाकानं फळीला स्पर्श करायचा. रोजच्या थोड्या वेळाच्या शिकवणीतून दोन आठवड्यांत सगळे घोडे शिकले. ओल्या, वाऱ्याच्या, गार दिवशी त्यांनी झूल मागितली. ऊन पडलं की काढायला सांगितलं. किक्कुलीपासून चालत आलेला निर्णय पहिल्यांदाच घोड्याच्या तोंडून आला, आणि तो समंजस होता.

आपल्याकडं हा प्रश्न डिसेंबरात उठतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला, तापीच्या काठी, दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा मोठा बाजार भरतो. खानदेशात तेव्हा रात्री पारा १० अंशांच्या आसपास येतो आणि दुपारी चांगलंच ऊन असतं. मारवाडी, काठियावाडी घोड्यांचे केस मुळात बारीक. त्यातला एखादा म्हातारा असेल, प्रवासानं खंगला असेल किंवा घामानं भिजून उघड्यावर उभा असेल, तर रात्री झूल घालावीच. धडधाकट, कोरड्या, पोटभर वैरण मिळालेल्या घोड्याला अशा रात्री तिची गरज पडत नाही. मला जास्त काळजी वाटते ती सकाळची. रात्री घातलेली झूल उन्हं चढल्यावरही अंगावर राहिली की तिच्याखाली घाम सुटतो, संध्याकाळी तो गार पडतो आणि आपणच थंडी विकत घेतो.

निर्णयाची जागा कानाशी नाही. कान गार असले तरी घोडा आतून उबदार असू शकतो. झुलीखाली खांद्यामागं हात घालावा. कोरडी ऊब लागली तर ठीक. ओलसर लागलं तर झूल जास्त झाली. रोज एकदा ती पूर्ण उतरवून खरारा करावा, खांद्याला आणि छातीला घासून केस गेलेत का पाहावं, आणि बरगड्यांवरून तळहात फिरवावा, कारण झुलीखाली बारीक होत चाललेला घोडा नुसत्या नजरेला कळत नाही.