आडव्या बाटलीचे मत

मताचा हक्क मिळाला म्हणून कायदा आपोआप बाईच्या बाजूने वळत नाही. तिचे मत कशावर मागितले जाते आणि ते कसे मोजले जाते, यावर सारे ठरते. मध्य प्रांताच्या कौन्सिलने १९२७ मध्ये स्त्रियांना मताधिकार दिला आणि पुढच्याच वर्षी नागपूरच्या अनसूयाबाई काळे त्या सभागृहात गेल्या. पण मत तेव्हा मालमत्तेला आणि कराला बांधलेले होते. यवतमाळच्या शिवारात कापूस वेचणारी मजूर बाई मतदारयादीत बसणे कठीण होते. स्वातंत्र्यानंतर प्रौढ मताधिकाराने तीही मतदार झाली, तरी गावातले दारूचे दुकान हवे की नको, हे तिला कोणत्याच निवडणुकीत कोणी विचारले नाही. तो प्रश्न महाराष्ट्र सरकारच्या २००८ च्या आदेशाने थेट तिच्यापुढे ठेवला. गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली की गुप्त मतदान घ्यायचे. मतपत्रिकेवर दोन चित्रे: उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. वाचता न येणाऱ्या बाईलाही शिक्का कुठे मारायचा ते कळते, आणि तो कुठे मारला हे नवऱ्याला कळत नाही.

यावर कोणी म्हणेल, दारूबंदीचे श्रेय स्त्रियांच्या मताला कशाला? मध्य प्रांत-वऱ्हाडचा दारूबंदी कायदा तर १९३८ चाच. खरे आहे; पण तो वरून आला होता, दुकानाचा निकाल गावातल्या बाईच्या हाती नव्हता. दुसरा आक्षेप जड आहे: बंदी आली की चोरटी दारू येते. यवतमाळशेजारच्या चंद्रपुरात २०१५ ची बंदी २०२१ मध्ये उठवताना हेच कारण पुढे आले. मात्र चोरटी दारू रोखणे हे पोलिसांचे आणि उत्पादन शुल्क खात्याचे काम; त्यांच्या ढिलाईपायी बाईचा कौल रद्द ठरत नाही.

‘स्वामिनी’ आंदोलनातून यवतमाळच्या महिलांनी जिल्हाभर दारूबंदी मागितली, ती अजून मिळालेली नाही. गावपातळीवरच्या आदेशातही मोठी मेख आहे: एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला लागतात. म्हणजे मजुरीसाठी परगावी गेलेली बाई दुकानाच्या बाजूने धरली जाते. आमदार मात्र झालेल्या मतांवर निवडून येतो. तोच नियम इथेही लावावा.