नवी गाडी केव्हां आणावी ?

नवा माल कसा करावा याइतकीच तो बाजारांत केव्हां आणावा याचीही विवंचना कारखानदारास असते. बारामतीस तयार होणाऱ्या व्हेस्पा स्कूटरचें घराणें या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे.

इटलींतील पियाज्यो कंपनीनें १९४६ सालीं व्हेस्पा काढली. पुढें ती परवान्यानें हिंदुस्थानांत बनविण्याचें काम बजाज कंपनीकडे आलें. हा करार १९७१ सालीं संपला, आणि वर्षभरानें त्याच वळणाची गाडी राणा प्रतापाच्या घोड्याचें नांव घेऊन 'चेतक' म्हणून रस्त्यावर आली. तिच्यासाठीं नांव नोंदवावयाचें, पैसे भरावयाचे आणि दहा दहा वर्षें वाट पाहावयाची, हा मध्यमवर्गीय घरांचा शिरस्ताच झाला. नोंदणीच्या वेळीं प्राथमिक शाळेंत असलेला मुलगा गाडी दारीं येईतों मॅट्रिकला बसे ! गिऱ्हाईक असें तिष्ठत असतां नवा नमुना काढण्याची निकड कोणास वाटणार ? पण १९९१ नंतर परवान्यांचें राज्य ओसरलें, मोटारसायकलींनीं बाजार व्यापला, आणि उशिरां काढलेल्या नव्या स्कूटरींचा जम बसला नाहीं. २००९ च्या अखेरीस बजाजनें स्कूटरचा धंदाच सोडण्याचें जाहीर केलें.

उतावळेपणाही तितकाच घातक. जपानच्या सेगा कंपनीनें 'सॅटर्न' हें व्हिडिओ गेमचें यंत्र अमेरिकेंत २ सप्टेंबर १९९५ रोजीं देण्याचें ठरविलें होतें. सोनीच्या आधीं पोंचावें म्हणून तें मे महिन्यांतच अचानक विक्रीस काढलें. माल मोजक्या दुकानदारांस मिळाला, बाकीचे रुसले. खेळही थोडेच तयार होते. सोनीनें आपलें यंत्र शंभर डॉलरनीं स्वस्त ठेवून सप्टेंबरांतच आणलें, आणि बाजी मारली.

पियाज्योनें बारामतीस १९९९ पासून 'आपे' ही तीनचाकी काढली. बारामती-इंदापूरकडे भाजीपाला वाहणारी ही गाडी सर्वांच्या परिचयाची आहे. व्हेस्पा मात्र तेथून निघाली एप्रिल २०१२ मध्यें, आणि तीही सुमारें सहासष्ट हजारांना, म्हणजे इतर स्कूटरींहून बरीच महाग. तोंवर होंडाच्या ॲक्टिव्हानें घरोघर ठाण मांडलें होतें, आणि ज्या पिढीला या घाटाचें वेड होतें तिच्यांतील अनेकांनीं मोटार घेतली होती. व्हेस्पा हौशी लोकांची राहिली. एवढा विलंब झाला नसता तर तिला याहून मोठी जागा मिळती, असें वाटल्यावांचून राहत नाहीं.

बजाजनें चेतक पुन्हां आणली, विजेवर चालणारी, जानेवारी २०२० मध्यें पुण्यास व बंगळूरास. स्कूटर सोडल्यास तेव्हां दहा वर्षें झालीं होतीं. पूर्वीं गिऱ्हाइकें जितकीं थांबत तितकींच.