निजणारे मूल आणि वैद्यक

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि दुर्गजवळच्या त्या परिसरात दिवस व रात्र यांचा जुना हिशेब बदलला. भट्टी विझत नाही. म्हणून माणसे पाळीने जागतात आणि पाळीनेच निजतात. रातपाळीहून परतलेला बाप दुपारी झोपला, तर अशा नगरीत त्याला कोणी आळशी म्हणत नाही. परंतु रात्रभर निजलेले मूल वर्गात पेंगू लागले, तर त्याला ‘कुंभकर्ण’ ही पदवी मिळण्यास वेळ लागत नाही. ही झोप कित्येकदा व्याधी असते, हे ओळखण्यास वैद्यकालाही फार काळ लागला.

१८८० साली फ्रान्समध्ये जेलिनो याने एका पिंपविक्याची हकीकत प्रसिद्ध केली. त्याला दिवसा वारंवार अनावर झोप येई. हसू आले की पाय लटके पडत. जेलिनोने या विकाराला ‘नार्कोलेप्सी’ हे नाव दिले. हा रोग पुष्कळदा कुमारवयातच सुरू होतो, परंतु तेव्हा तो खोडसाळपणा ठरतो. १८८९ साली लंडनच्या हिल याने वर्गात मागे पडणाऱ्या मुलांच्या ‘मठ्ठपणा’चा संबंध कोंडलेल्या नाकाशी आणि तोंडाने होणाऱ्या श्वासाशी जोडला, तरी झोपेत श्वास अडणाऱ्या आठ मुलांचा सविस्तर अभ्यास गियेमिनो व त्याच्या सहकाऱ्यांनी मांडला तो १९७६ मध्ये.

कुंभकर्णाची खरी आठवण करून देणारा विकार आणखी निराळा आहे. क्लाइन याने १९२५ मध्ये आणि लेव्हिन याने १९३६ मध्ये वर्णिलेल्या या दुर्मीळ व्याधीत मुख्यतः कुमारवयीन मुले दिवसचे दिवस निजतात, काही जण जागे होताच अधाशासारखे खातात आणि मधल्या काळात पूर्ववत् होतात. त्याचे मूळ अद्याप उकललेले नाही. नार्कोलेप्सीचे मात्र बरेचसे उकलले: मेंदूला जागे ठेवणारे ओरेक्सिन हे द्रव्य १९९८ मध्ये सापडले, आणि ते निर्माण करणाऱ्या पेशी अशा रोग्यांत बहुतांशी नाहीशा होतात, हे २००० मध्ये दिसून आले.

अर्थात, पेंगणारे प्रत्येक मूल रोगी नव्हे. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते. ती मिळत नसेल, तर पहिला उपाय घरातच आहे. पण पुरेशी झोप घेऊनही जे पेंगते, नित्य घोरते किंवा हसता हसता कोसळते, त्याला शिक्षा नको, वैद्य हवा. गिलायू काढल्याने अनेक मुलांचा श्वास मोकळा होतो. छडीने मात्र आजवर एकाही मुलाचा मेंदू जागा झालेला नाही.