५६ के म्हणजे नक्की किती? डायल-अपचा हिशेब

आजच्या भागात थोडी आकडेमोड आहे. घाबरू नका, भागिले आठ एवढं आलं की पुरे.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने आपल्याकडे सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केलं. मुंबई पहिल्याच शहरांमध्ये होती. जोडणी घरातल्या टेलिफोनवरून. मॉडेम नंबर फिरवायचा, पलीकडचा मॉडेम फोन उचलायचा, आणि मग ती प्रसिद्ध किंचाळी. तो आवाज उगाच नव्हता हं. लाइन किती स्वच्छ आहे आणि किती वेगाने बोलता येईल, हे दोघं ठरवत असायचे. तोवर घरचा फोन एंगेज, आणि पैसे दोन ठिकाणी चालू: इंटरनेटचे तास वेगळे, फोनचा कॉल वेगळा. त्यामुळे वेग म्हणजे थेट बिलाची गोष्ट.

आता खोक्यावर २८.८ के लिहिलंय. ते सेकंदाला २८,८०० बिट. आठाने भागा, ३,६०० बाइट. एक एमबीला जवळपास पाच मिनिटं! वीस मिनिटांचा पॉडकास्ट ६४ केबीपीएसवर केला तर साधारण ९.६ एमबी होतो. तो उतरवायला पाऊण तास लागला असता, तोही मध्ये लाइन कटली नाही तर. (मध्येच कोणी एक्स्टेंशनचा रिसीव्हर उचलला की संपलं.)

मग वेग वाढवायचा ना? वाढवला. १९६२ चा बेल १०३ मॉडेम सेकंदाला ३०० बिट पाठवायचा, १९९८ चं व्ही.९० मानक ५६ के पर्यंत गेलं. त्यापुढे मात्र भिंत होती. डिजिटल एक्स्चेंज तुमचा आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजतं, दर वेळी आठ बिट, म्हणजे ६४,०००. फोनच्या कॉलमधून याहून जास्त जाणारच नाही. ५६ के सुद्धा फक्त खाली उतरवताना, आणि लाइन चांगली असेल तर. वर पाठवताना जास्तीत जास्त ३३.६.

तार रुंद होत नाही म्हटल्यावर माल कमी करायचा. इथे अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव हे दोन इस्रायली संशोधक येतात. १९७७ आणि १९७८ च्या त्यांच्या पेपरांमधली कल्पना अगदी घरगुती आहे: एकदा सांगितलेलं परत सांगू नका, 'मघाशी बोललो तेच' एवढंच म्हणा. व्ही.४२ बिस या मानकात हे मॉडेमच्या आतच चालायचं. दोन्ही मॉडेम ऐकता ऐकता शब्दांची सारखीच यादी बनवायचे, आणि मग पूर्ण शब्दाऐवजी यादीतला नंबर पाठवायचे. जाहिरातीत चौपट वेग म्हणायचे. साध्या मजकुराला खरंच बऱ्यापैकी फायदा व्हायचा, पण झिप फाइल किंवा जेपेग फोटोला जवळजवळ शून्य. त्यातलं पुन्हा पुन्हा येणारं सगळं आधीच पिळून काढलेलं असतं, मॉडेम आणखी काय पिळणार? चौपट ही माझ्या मते शुद्ध दुकानदारी होती. लोकांना गाणी आणि फोटो हवे होते, आणि नेमकं तिथेच ते चालत नव्हतं.

यात आपल्या मराठीचा एक छान धागा आहे. तेव्हाच्या मराठी साइट स्वतःचे फॉन्ट वापरायच्या, त्यात एका चिन्हाला एक बाइट. आज यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ऐकायला महाग वाटतं. पण त्या तिनांतले पहिले दोन बहुतेक वेळा तेच ते असतात, आणि तेच ते गिळणं हीच लेम्पेल-झिवची खासियत! तुमच्या फोनवर मराठी पान उघडतं तेव्हा ते बहुधा दाबूनच आलेलं असतं. त्यासाठी सर्रास वापरली जाणारी जीझिप पद्धत १९७७ च्याच कल्पनेवर उभी आहे.