ज्याने सांगितले, त्यालाच परत सांगू नये

छत्रपती संभाजीनगरच्या पूर्वेस जालना आणि वायव्येस खुलताबाद. समजा, या तिन्ही गावी एकेक राउटर बसवला आहे आणि खुलताबादहून जालन्याला जाणारी तार संभाजीनगरवरूनच जाते. राउटरजवळ नकाशा नसतो. शेजारी सांगेल त्यावरच त्याची भिस्त. संभाजीनगरहून जालना एक टप्पा, म्हणून खुलताबाद आपल्या तक्त्यात ‘जालना, २ टप्पे’ असे लिहून ठेवतो आणि शेजाऱ्यांकडे तशी जाहिरात करतो.

आता जालन्याची तार तुटली. तोच खुलताबाद कळवतो, ‘मी जालन्याला २ टप्प्यांत पोचतो.’ आपलीच बातमी फिरून आपल्याकडे आली आहे, हे संभाजीनगरला कळायला मार्ग नाही. ते ३ लिहिते. मग खुलताबाद ४, संभाजीनगर ५. आकडा वाढत जातो आणि जालन्याचे निरोप दोघांमध्ये चेंडूसारखे फिरत राहतात. (तीन विद्यार्थी उभे करून, चिठ्ठ्या देऊन हा खेळ वर्गात जरूर करून पाहावा.)

१९६९ साली सुरू झालेल्या आर्पानेटची मूळ पद्धत याच जातीची होती. ती १९७९ मध्ये बदलली. पण साधेपणामुळे ती अन्यत्र टिकली. चार्ल्स हेड्रिक यांनी जून १९८८ मध्ये लिहून काढलेल्या ‘रिप’च्या नियमावलीत यावर तोडगे आहेत. एक, जो मार्ग ज्या शेजाऱ्याकडून कळला, तो त्यालाच परत जाहीर करू नये. याला ‘स्प्लिट होरायझन’ म्हणतात. तीन राउटर वर्तुळात जोडले की हा नियम अपुरा पडतो. म्हणून दुसरा: १६ टप्पे म्हणजे अनंत समजावे. हा नियम ओबडधोबड खरा, पण मला तोच अधिक प्रामाणिक वाटतो.

१९८९ च्या जानेवारीत कर्क लॉहीड आणि याकोव्ह रेख्टर यांनी जेवणाच्या टेबलावर, कागदी रुमालांवर ‘बीजीपी’चा आराखडा काढला. यात जाहिरातीसोबत वाटेतल्या सर्व जाळ्यांच्या क्रमांकांची यादी येते. यादीत स्वतःचा क्रमांक दिसला की जाहिरात टाकून द्यायची. फेऱ्याचा प्रश्न मिटला. मात्र कोणाला काय सांगावे, हा प्रश्न आता पैशाचाही झाला. रूढ नियम असा: ग्राहकाकडून कळलेला मार्ग सर्वांना सांगावा, पुरवठादाराकडून किंवा बरोबरीच्या शेजाऱ्याकडून कळलेला फक्त आपल्या ग्राहकांना. नाहीतर दोन मोठ्यांची वाहतूक आपण फुकट वाहायची! अशा शिस्तीने जाळे स्थिर राहते, हे लिशिन गाओ आणि जेनिफर रेक्सफर्ड यांनी २००१ मध्ये गणिताने दाखवले.

१२ मार्च २०१५ रोजी हा नियम मोडला, आणि तो आपल्या मुंबईतल्या कंपनीकडून. गूगल हा ‘हॅथवे’चा बरोबरीचा शेजारी. त्याच्याकडून कळलेले ३०० हून अधिक मार्ग हॅथवेने चुकून आपल्या पुरवठादाराला, भारती एअरटेलला, जाहीर केले. पैसे देणाऱ्या ग्राहकाचा मार्ग आधी पसंत करायचा, या रीतीने एअरटेलने ते स्वीकारले आणि जगाला सांगितले. दूरदेशीची गूगलकडे जाणारी वाहतूक भारताकडे वळली. अनेकांना गूगलच्या सेवा मिळेनात. गंमत अशी की जाहिरातीत खोटे काहीच नव्हते. हॅथवेला गूगलचा मार्ग खरोखरच माहीत होता.

२०१६ साली अशा घटनांची ‘मार्गगळती’ म्हणून रीतसर व्याख्या झाली. २०२२ च्या नियमानुसार जोडणीच्या वेळीच दोन्ही शेजारी आपले नाते सांगतात, आणि पुरवठादाराकडून किंवा बरोबरीच्या शेजाऱ्याकडून आलेल्या मार्गावर ‘फक्त ग्राहकांसाठी’ अशी खूण पडते. पुरवठादाराला ती खूण ग्राहकाकडून आलेल्या मार्गावर दिसली, की तो मार्ग नाकारायचा.